नक्की सांगता येत नाही

माझ्या तोंडचं सर्वांत जास्त लोकांनी ऐकलेलं वाक्य 'नक्की सांगता येत नाही' हे आहे. जन्मभर परळच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवलं, कितीतरी पोरं हाताखालून गेली, पण त्या सगळ्यांनी मिळून माझं जेवढं ऐकलं नसेल तेवढं हे एक वाक्य फोनवरून फिरलं. त्या व्हिडिओत मी घामाने डबडबलेली दिसते. मागे विहाराची निळी भिंत, वर फिरणारा पंखा. मी माईक तोंडापासून जरा लांब धरून म्हणते, "नक्की सांगता येत नाही," आणि कुणीतरी मोठ्याने हसतं. तिथेच व्हिडिओ संपतो. खाली कुणीतरी लिहिलं होतं : 'हवामान बदलाचं पितळ उघडं. प्राध्यापिकेची कबुली.'

ते वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाला म्हटलं होतं.

दादा माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. कॉटन ग्रीनच्या बाजूला गोदीच्या वर्कशॉपात त्याची नोकरी झाली. आता परळला एका जुन्या चार मजली सोसायटीत, तळमजल्यावर, वहिनी आणि तो असे दोघंच राहतात. मी शीवला राहते. मी शास्त्राकडे वळले ती त्याच्यामुळेच, हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसतं भांडण वाटेल.

मी प्राथमिक शाळेत असताना एकदा मोठं सूर्यग्रहण लागलं. आमच्या चाळीत दुपारी सगळ्या खोल्यांची दारं बंद. गॅलरीत चिटपाखरू नाही. पाण्याच्या पिंपांवर तुळशीची पानं टाकून लोक आत बसलेले. आमच्या घरात ग्रहणबिहण पाळत नसत, पण शेजाऱ्यांना उगाच दुखवायचं नाही म्हणून आईनेही दार लोटून घेतलं होतं. दादा तेव्हा नुकताच कामाला लागला होता. त्याने मला हाताला धरलं, बाबांच्या छातीचा एक्स-रे पिशवीतून काढला आणि आम्ही गच्चीवर गेलो. त्या काळ्या फिल्ममधून त्याने मला सूर्य दाखवला. बाबांच्या बरगड्या आणि त्यांच्यामागे कडेने कुरतडलेला सूर्य. मग त्याने खिशातून केळं काढलं.

"खा," तो म्हणाला. "बघू काय होतं."

काहीच झालं नाही. शेजारच्या काकू पुढचे काही दिवस माझ्याकडे निरखून बघायच्या, मी आजारी पडते का म्हणून. आज माझा एखादा विद्यार्थी एक्स-रेच्या फिल्ममधून सूर्य बघायला लागला, तर मी ती त्याच्या हातातून काढून घेईन. डोळ्यांना त्याने पुरेसं संरक्षण मिळत नाही. म्हणजे केळ्याच्या बाबतीत दादा बरोबर होता आणि फिल्मच्या बाबतीत चूक. आमचे डोळे वाचले ते वाचले.

कुणी मोठा माणूस म्हणाला म्हणून मानायचं नाही, पुस्तकात छापलंय म्हणून मानायचं नाही, स्वतः पडताळून बघायचं, हे आम्ही विहारात लहानपणापासून ऐकत आलो. बाकीचे ऐकून घरी जायचे. दादा ते घरी येऊन वापरायचा. मला दहावीनंतर सायन्सला घाल म्हणून तोच आईशी भांडला.

रिटायर झाल्यावर त्याच्या हातात फोन आला आणि वेळही आला. सकाळी मी चहा ठेवते तोवर त्याचे दोन-तीन व्हिडिओ येऊन पडलेले असत. सूट घातलेला एक माणूस हिंदीत सांगतो की पृथ्वी पूर्वीही तापली होती, हा सगळा सूर्याचा खेळ आहे, शास्त्रज्ञांना ग्रँट हवी असते म्हणून ते घाबरवतात. सुरुवातीला मी प्रत्येक व्हिडिओला उत्तर लिहायचे. आलेख पाठवायचे, त्यावर बाण काढायचे. कॉलेजचे पेपर तपासायचे राहायचे आणि मी दादाला कार्बनबद्दल लिहीत बसलेली असायचे.

त्याचे सगळेच प्रश्न वेडगळ नव्हते, तो खरा त्रास होता. एकदा त्याने विचारलं, "तापमान मोजायची यंत्रं पूर्वी मोकळ्या मैदानात होती. आता त्यांच्या भोवती बिल्डिंगी झाल्या. मग वाढलेलं तापमान पृथ्वीचं, की बिल्डिंगींचं?" हा प्रश्न चांगला आहे. शास्त्रज्ञांनाही तो पडला होता आणि त्यांनी त्यावर खूप काम केलं आहे. मी त्याला सांगितलं की शहरांचा भाग वेगळा काढूनही वाढ दिसते. आणि समुद्रसुद्धा तापला आहे, तिथे कुठे बिल्डिंगी आहेत?

"समुद्रात कोण गेलं होतं मोजायला?" दादा म्हणाला.

मी ते सांगितलं. तोवर पुढचा व्हिडिओ आलेला होता. हळूहळू माझी उत्तरं आखूड होत गेली. मग मी नुसता अंगठा पाठवायला लागले आणि मग तोही नाही.

अशात एप्रिलमध्ये आमच्या जुन्या चाळीशेजारच्या विहारात जयंतीनिमित्त माझं व्याख्यान ठेवलं. विषय त्यांनीच दिला होता : वाढता उकाडा आणि आपण. हॉल भरला होता. लहानपणी मला कडेवर घेतलेल्या बाया आता खुर्च्यांवर पाय लांब करून बसल्या होत्या. दादा पहिल्या रांगेत. एका हातात फोन उंच धरून तो माझं सगळं भाषण रेकॉर्ड करत होता. मध्येच हात दुखला की दुसऱ्या हातात घ्यायचा. मला बरं वाटलं होतं, ते खोटं कशाला सांगू.

भाषण संपल्यावर प्रश्न विचारा म्हटलं, तर पहिला तोच उठला. फोन तसाच उंच.

"प्राध्यापक बाईंना माझा एकच प्रश्न," तो म्हणाला. लोक हसले, कारण तो माझा भाऊ आहे हे सगळ्यांना माहीत. "येत्या दहा वर्षांत आमच्या गल्लीत पावसाचं पाणी आत्तापेक्षा किती वर चढेल? आकडा सांगा."

मी म्हटलं, "पृथ्वी तापते आहे, हे नक्की. त्याला माणूस कारणीभूत आहे, हेही नक्की. जोरदार पाऊस जास्त जोरदार होत जाणार, याचीही बरीच खात्री आहे. पण तुमच्या एका गल्लीचं विचाराल तर... गटारं कशी राखतील, रस्ता किती उचलतील, भरतीच्या वेळी पाऊस येईल का... नक्की सांगता येत नाही."

मागून कुणीतरी हसलं. दादा म्हणाला, "मग ज्याचं नक्की माहीत नाही, ते सांगून माणसांना घाबरवायचं कशाला?"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्या माझ्याविरुद्ध नव्हत्या. बहीण-भावाची जुगलबंदी म्हणून लोकांना मजा वाटली. मी उत्तर दिलं, पाच मिनिटं बोलले, पण तोवर बाया सरबताचे ग्लास घेऊन आल्या होत्या आणि खुर्च्या सरकायला लागल्या होत्या.

दादाने पूर्ण भाषण घरच्या ग्रुपवर टाकलं, 'माझी बहीण' असं वर लिहून. त्यातलं एवढंच वाक्य कुणी कापलं ते आजवर कळलं नाही. आठवड्याभरात ते माझ्याकडेच तीन वेगवेगळ्या माणसांकडून आलं. स्टाफरूममध्ये केमिस्ट्रीच्या सरांनी चहा पिताना विचारलं, "मॅडम, पार्टी बदलली की काय?" एका जुन्या विद्यार्थिनीने लांबलचक मेसेज केला, शेवटी लिहिलं, 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.' पर्यावरणाचं काम करणाऱ्या एका संस्थेतल्या मुलीचाही फोन आला. तिच्या कार्यक्रमात मी बोलणार होते.

"मॅडम, तुम्ही खुलासा टाका ना," ती म्हणाली. "की तसं म्हणायचं नव्हतं."

"पण तसंच म्हणायचं होतं. गल्लीचं नाहीच सांगता येत."

"हो, पण पब्लिकसमोर डाउट दाखवला की ते लोक त्याचा फायदा घेतात."

"मग खोटं सांगू?"

"खोटं नाही हो मॅडम. जरा कॉन्फिडन्टली."

तिची अडचण मला कळत होती. तिचा राग आला नाही, नुसता थकवा आला. प्रॅक्टिकलच्या तासाला मी पोरांना शिकवते की उत्तर लिहिताना त्यापुढे अधिक-उणे किती, म्हणजे मोजण्यात चूक किती असू शकते, ते लिहिल्याशिवाय मार्क मिळणार नाहीत. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, पण खरं उत्तर काय?" मी सांगते, हेच खरं उत्तर. आता ती मुलगी मला त्यातलं अधिक-उणे खोडायला सांगत होती, आणि माझा दादा म्हणत होता की अधिक-उणे आहे म्हणजे उत्तरच नाही. मी खुलासा टाकला नाही. तिच्या कार्यक्रमाला मग दुसरं कुणी बोललं.

त्याच आठवड्यात मी दादाकडे गेले. भांडायचं ठरवूनच गेले होते. तो बनियनवर बसला होता, दारं-खिडक्या सताड उघड्या, तरी भिंती तव्यासारख्या. वहिनीने पाणी दिलं.

"तुझा व्हिडिओ लालबागपर्यंत पोचला," तो कौतुकाने म्हणाला.

"दादा, तो अर्धा आहे."

"मी पूर्ण टाकला होता. लोकांनी अर्धा घेतला, त्याला मी काय करू? आणि अर्ध्यातलं वाक्य तू म्हटलंस की नाही?"

"म्हटलं."

"मग झालं तर."

मग मी जे बोलायचं नव्हतं ते बोलले. आमचे बाबा गिरणीत कार्डिंग खात्यात, कापूस पिंजायच्या यंत्रांवर होते. कापसाचा धूर असावा तशी तिथे धूळ. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की त्यांची छाती जास्त भरून यायची. शेवटी शेवटी त्यांना चाळीचा जिना चढवत नव्हता. दादा त्यांना घेऊन गिरणीच्या डॉक्टरकडे गेला होता, मीही बरोबर होते. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "कापसामुळेच झालं असं खात्रीने म्हणता येत नाही. बिडी ओढतात ना हे?" गिरणीने हात झटकले ते त्या एका वाक्यावर. बाहेर आल्यावर दादा रस्त्यात उभा राहून थरथरत होता, ते मी पाहिलं आहे.

"त्या डॉक्टरलाही खात्रीच हवी होती," मी म्हटलं. "तेव्हा तू काय म्हणाला होतास? म्हणालास, सगळ्या खात्याला खोकला आहे, आणखी काय खात्री पाहिजे? आज तू त्या डॉक्टरच्या जागेवर बसून बोलतोयस."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थांबली. दादाने फोन बाजूला उपडा ठेवला. मला वाटलं, पोचलं.

"बाय," तो म्हणाला, "तो डॉक्टर पण शिकलेला होता. तुझ्याइतकाच. त्याला नक्की म्हणायचं नव्हतं, म्हणून त्याने नक्की नाही म्हटलं. उद्या गिरणीला नक्की पाहिजे असतं, तर त्याने नक्की म्हटलं असतं. तेव्हापासून मी शिकलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. त्याला पगार कोण देतं ते बघतो."

"मला कोण पगार देतं?"

"तुझं नाही म्हणत मी. पण तू पण कुणाचं तरी वाचूनच सांगतेस ना? तू स्वतः कुठे मोजलंयस?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. कुणीच सगळं स्वतः मोजू शकत नाही, म्हणून हजारो माणसं वेगवेगळ्या देशांत मोजतात, एकमेकांच्या चुका काढतात, आणि तरी जे टिकतं त्यावर आपण विश्वास ठेवतो. हे मी वर्गात सांगते. त्याला मात्र सांगितलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्यामुळे आलं होतं. बाबांना मध्ये आणून मी काही जिंकले नाही.

"दोघांनी आंबा खाऊन घ्या," वहिनी म्हणाली, आणि आम्ही खाल्ला.

निघताना त्यानेच सांगितलं की रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. बिल्डिंगची दुरुस्ती निघाली होती. जिन्याखाली विजेचे सगळे मीटर आहेत, ते आत्ताच उचलून पहिल्या मजल्याच्या वळणावर न्यावेत असं काही जणांचं म्हणणं होतं. दादा चेअरमन. त्याचा विरोध होता. खर्च वाढतो, आणि पाणी तिथवर चढेल हे कुणाला माहीत?

"तू ये," तो म्हणाला. "तुझ्या तोंडून ऐकू देत लोकांना. मी अडवणार नाही."

मी गेले. कंपाउंडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी समजावून सांगितलं की शक्यता म्हणजे काय. दर वर्षी पाणी येईलच असं नाही, पण मोठं पाणी यायची शक्यता पूर्वीपेक्षा वाढत चालली आहे. मीटर बुडाले तर नुकसान केवढं होईल आणि उचलायला त्रास केवढा, हे शेजारी शेजारी ठेवून बघा. मी इथे राहत असते तर उचलले असते.

सोसायटीचे सेक्रेटरी मालवणकडचे, वयस्कर, साधे गृहस्थ. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, ता सगळा ऱ्हवांदे," ते म्हणाले. "पानी मीटरापर्यंत येतला काय नाय, तेवढा सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. दादाही. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता. मी खोटं बोलते का एवढंच तो बघत असावा, असं मला वाटलं.

"येऊ शकतं," मी म्हटलं. "येईलच असं मी म्हणू शकत नाही."

हात वर झाले. दुरुस्ती मंजूर झाली, मीटर राहिले जिथे होते तिथे.

जुलैत एक दिवस भरती आणि पाऊस एकत्र आले. वहिनीचा दुपारी फोन आला की पाणी घरात शिरलं आहे, गाद्या पलंगावर चढवल्या आहेत, आम्ही दोघं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे आहोत. दुसऱ्या दिवशी रस्ते मोकळे झाल्यावर मी गेले. घरभर चिखल आणि तो वास. वहिनी फरशी धूत होती, मी पदर खोचून तिच्याबरोबर कामाला लागले. दादाने मला हाताला धरून जिन्याखाली नेलं. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती. मीटरच्या खोक्याच्या खाली, वीतभर.

"हे बघ," त्याने रेघेवर बोट ठेवलं. "इथे थांबलं."

"या वर्षी," मी म्हटलं.

"दर वर्षी 'या वर्षी'च असतं, बाय."

मला हसू आलं. खरं म्हणजे रडूही आलं असतं. पाणी वीतभर वर चढलं असतं, तर मी खरी ठरले असते आणि अख्खी बिल्डिंग अंधारात बसली असती. तसं व्हावं असं मला वाटलं होतं का? नाही. पण रेघ बघून सुटकेच्या आधी क्षणभर निराशा वाटली, तेही खरं. आणि एका वर्षाच्या एका रेघेवरून ना माझं काही सिद्ध होत होतं, ना त्याचं. हे मी त्याला सांगायला लागले आणि मध्येच थांबले. बादली उचलली.

मीटर पुढे वर गेले, ते काही आमच्या वादामुळे नाही. दिवाळीनंतर वीज कंपनीचा माणूस तपासणीला आला. त्याने जिन्याखाली टॉर्च मारला, वायरिंग जुनं आहे म्हणाला, नवीन नियमाप्रमाणे मीटर वर घ्यावे लागतील म्हणाला, आणि पुढच्या बिल्डिंगमध्ये गेला. कुणी त्याला विचारलं नाही की पाणी येईल का. सेक्रेटरींनी पुढच्याच मीटिंगमध्ये ठराव केला. दादाने स्वतः उभं राहून काम करून घेतलं. वर्कशॉपचा माणूस तो, नव्या पॅनेलचे स्क्रू त्याने एकेक तपासले.

"पटलं का मग?" मी फोनवर विचारलं.

"पटायचं काय त्यात? नियम आहे," तो म्हणाला.

त्याचे व्हिडिओ अजून येतात, पण कमी. मी उघडत नाही आणि तो विचारत नाही. परवा त्याच्याकडे गेले होते. घरात बसवेना इतकं उकडत होतं, म्हणून आम्ही दोघं कंपाउंडमध्ये खुर्च्या टाकून बसलो. माझी निवृत्ती जवळ आली आहे, तर पुढे काय करणार, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, अजून ठरवलं नाही.

"इकडे येत जा," तो म्हणाला. "आपण भांडू."

"आता नको रे दादा. दमले मी."

"बरं," तो म्हणाला. "मग नुसती बस."

आम्ही बसलो. समोरच्या टॉवरवरून एसींचं पाणी पत्र्यावर टपटपत होतं. आतून वहिनीने विचारलं, ताईंचा भात टाकू का? मी टाका म्हटलं.